एक्स्टेंशन बंद केलं की ॲप चालतं, मग नेमका कोणता नियम काढायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. फायरफॉक्समध्ये जाहिराती आणि माग काढणं अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन मीडियम मोडवर (इतर डोमेनवरून येणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारे छोटे प्रोग्रॅम, आणि फ्रेम्स अडवणाऱ्या पातळीवर) आहे आणि जोडीला परवानगीशिवाय स्क्रिप्ट चालू न देणारं नोस्क्रिप्ट. कामाचं वेब ॲप उघडलं की लॉगिन होतं आणि लगेच तुम्ही परत लॉगिनच्या पानावर येता. कधी आत शिरलातच, तर ‘सेव्ह’ दाबल्यावर काहीच होत नाही; चूकही दिसत नाही आणि नोंदही जतन होत नाही. ॲपचं डोमेन दोन्हीकडे विश्वासू म्हणून नोंदवलंय, तरी फरक नाही. दोन्ही एक्स्टेंशन्स बंद केली की सगळं सुरळीत. म्हणून विचारताय, कोणता नियम काढू?

नियमाचं नाव मला इथून सांगता येणार नाही. तुम्ही कोणत्या फिल्टर याद्या (काय अडवायचं ते सांगणाऱ्या तयार नियमांच्या याद्या) लावल्या आहेत, लॉगिनचं पान ॲपच्याच डोमेनवर आहे की वेगळ्या, ॲप साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीवर चालतं का, यावर ते अवलंबून आहे. पण तुमच्या वर्णनात एक धागा आहे आणि तोच पकडायचा: डोमेन विश्वासू करूनही फरक पडला नाही. म्हणजे जे अडतंय ते बहुधा तुम्ही ज्या डोमेनला सूट दिली त्याच्या हद्दीत अडतच नाहीये. आणि लॉगिनचं चक्र व मुकं ‘सेव्ह’ बटण ही दोन वेगळ्या कारणांची लक्षणं असू शकतात. एकच नियम दोन्ही बरं करेल, हे गृहीत धरू नका.

या दोन एक्स्टेंशन्समध्ये ‘विश्वास ठेवा’ याचा अर्थ एक नाही, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. यूब्लॉकमध्ये तुम्ही पॉवरचं बटण दाबता तेव्हा ॲड्रेस बारमध्ये जे पान आहे, त्या पानावर यूब्लॉक पूर्ण थांबतो. मग त्या पानाने कुठूनही काहीही मागवो. नोस्क्रिप्टचं उलट आहे. तिथे डोमेन विश्वासू केलं म्हणजे त्या डोमेनवरून येणारी स्क्रिप्ट चालेल. त्याच पानाने आणखी चार डोमेनवरून स्क्रिप्ट मागवल्या असतील, तर त्या प्रत्येकाची परवानगी वेगळी. एक पहारेकरी घर ओळखतो, दुसरा पाहुणा. त्यामुळे ‘दोन्हीकडे ॲपचं डोमेन घातलं’ हे वाक्य ऐकायला पुरेसं वाटतं, पण नोस्क्रिप्टच्या बाजूने काम अर्धंच झालेलं असतं.

यूब्लॉकच्या बाजूनेही एक फट राहते. विश्वासू यादीतली नोंद त्या होस्टला (पत्त्यातल्या सर्व्हरच्या पूर्ण नावाला) आणि त्याच्या खालच्या सबडोमेन्सना लागू होते, शेजारच्या सबडोमेनला नाही. तुम्ही बटण ‘पोर्टल’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर असताना दाबलं आणि प्रत्यक्ष काम ‘ॲप’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालत असेल, तर दुसऱ्या पत्त्यावर यूब्लॉक पूर्ण जोमात आहे. लॉगिनचं पान तर अनेकदा तिसऱ्याच डोमेनवर असतं. तिथे क्षणभरच थांबता म्हणून ते लक्षात येत नाही. नोस्क्रिप्टमध्ये नोंदीशेजारचं कुलूपही बघून घ्या: हिरवं असेल तर विश्वास फक्त एचटीटीपीएससाठी आहे. अंतर्गत ॲप साध्या एचटीटीपीवर असेल, तर ती नोंद असून नसल्यासारखी.

आता शोधायचं कसं. आधी गुन्हेगार कोण ते पक्कं करा. त्यासाठी फायरफॉक्समध्ये नवं प्रोफाइल बनवा, त्यात काहीही न घालता ॲप चालवा, मग एकेक एक्स्टेंशन घाला. खासगी विंडोत करून बघणं सोपं वाटतं, पण तिथे कुकीज कोऱ्या असतात. ॲप चाललं तर ते एक्स्टेंशन नसल्यामुळे की जुनी खराब कुकी नसल्यामुळे, ते कळत नाही. ट्रबलशूट मोडही एक्स्टेंशन्सखेरीज हार्डवेअर ॲक्सलरेशनसारख्या इतर गोष्टी बंद करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलेल अशी सोय फक्त नव्या प्रोफाइलमध्ये मिळते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा तासभर अंदाजपंचे टिचक्या मारण्यापेक्षा बरं.

मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब, जिथे पानाने मागवलेल्या प्रत्येक गोष्टीची (रिक्वेस्टची) ओळ दिसते. लॉग टिकवून ठेवण्याचा पर्याय आधी चालू करा, कारण लॉगिनच्या चक्रात पान सतत बदलतं आणि प्रत्येक वेळी यादी पुसली जाते. नेमकी हवी ती ओळ गायब होते. कॅशे (आधी आलेल्या फाइल्सचा साठा) बंद ठेवा. आणि बघायचं ते पहिलं अपयश, शेवटचं नव्हे. कन्सोलमध्ये (चुकांचे संदेश दिसतात त्या टॅबमध्ये) लाल अक्षरांचा ढीग पडतो, तेव्हा सगळ्यात खालची चूक डोळ्यांत भरते. ती बहुतेकदा परिणाम असते: वरच कुठेतरी एक फाइल आली नाही, त्या फाइलमधलं ऑब्जेक्ट पुढच्या स्क्रिप्टला सापडलं नाही, ती स्क्रिप्ट मध्येच कोसळली, आणि ‘सेव्ह’ बटणाला क्लिकचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) जोडायची वेळच आली नाही. तुमचं बटण मुकं असण्याचं मला सर्वात संभवनीय वाटणारं कारण हेच. बटणात काही बिघाड नसतो, त्याच्यामागे कोणी उभंच नसतं.

अडवलेली रिक्वेस्ट ओळखायला फायरफॉक्स बरीच मदत करतो. त्या ओळीत कोणत्या एक्स्टेंशनने अडवलं त्याचं नावच दिसतं. क्रोममध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ अशा अर्थाची चूक येते, नाव कळत नाही. पण इथे एक हमखास फसवा संदेश असतो. एक्स्टेंशनने अडवलेली रिक्वेस्ट दुसऱ्या डोमेनकडे जात असेल, तर फायरफॉक्सच्या कन्सोलमध्ये ‘सीओआरएस रिक्वेस्ट यशस्वी झाली नाही’ अशा अर्थाची ओळ उमटू शकते (सीओआरएस म्हणजे एका डोमेनच्या पानाला दुसऱ्या डोमेनकडून माहिती घेऊ द्यायची की नाही, याचे नियम). ती वाचून लोक थेट सर्व्हरवाल्यांकडे जातात, सर्व्हरवाले हेडर्स (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचना) तपासत बसतात, आणि रिक्वेस्ट तर ब्राउझरच्या बाहेर पडलेलीच नसते. खरी सीओआरएसची अडचण असेल तर रिस्पॉन्स आलेला असतो, स्टेटस कोड (सर्व्हरचं आकड्यातलं उत्तर) असतो, फक्त आवश्यक हेडर नसतो. स्टेटस कोडच नसेल तर सर्व्हरवर संशय घेण्याआधी एक्स्टेंशनकडे बघा.

यूब्लॉकचा लॉगर (त्याने काय अडवलं, काय सोडलं त्याची नोंद) नेटवर्क टॅबपेक्षाही कामाचा. तो पान उघडण्याआधी उघडून ठेवा आणि मग ॲप लोड करा. लाल ओळीवर क्लिक केलं की कोणता फिल्टर लागला आणि तो कोणत्या यादीतून आला, दोन्ही दिसतं. यादीचं नाव महत्त्वाचं आहे. तुमच्याच मीडियम मोडच्या नियमाने अडवलं असेल तर दुरुस्ती तुमच्या हातात. सार्वजनिक यादीतल्या फिल्टरने अडवलं असेल, तर तो फिल्टर बहुधा दुसऱ्याच कशासाठी लिहिलेला असतो आणि तुमचं ॲप त्यात नाहक सापडतं. पत्त्यात ‘ॲनालिटिक्स’, ‘ट्रॅक’, ‘बॅनर’ असे शब्द असले की हे होतं. मालवाहतुकीच्या ॲपने पार्सलच्या ठावठिकाण्याच्या एपीआयला (माहिती मागायच्या पत्त्याला) ‘ट्रॅकिंग’ नाव देणं अगदी स्वाभाविक आहे, पण फिल्टरला पार्सल आणि पाळत यांतला फरक कळत नाही. लॉगरमध्ये कोणत्याच टॅबशी न जोडलेल्या ओळीही बघा. सर्व्हिस वर्करने (ॲपने ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालू ठेवलेल्या स्क्रिप्टने) केलेल्या रिक्वेस्ट तिथे सापडतात, आणि ॲपच्या टॅबपुरतीच यादी बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

आता लॉगिनच्या चक्राकडे. आधुनिक ॲप्समध्ये ‘हा माणूस अजून लॉगिन आहे का’ हे तपासायला एक अदृश्य आयफ्रेम (पानाच्या आत उघडलेलं दुसरं पान) वापरतात. ॲपच्या पानात लॉगिनच्या डोमेनची छोटी फ्रेम गुपचूप उघडते, तिथली स्क्रिप्ट सत्र तपासते आणि बाहेरच्या पानाला निरोप पाठवते. हा निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही तर ॲप समजतं की सत्र संपलं, आणि तुम्हाला लॉगिनच्या पानावर पाठवतं. तिथे सत्र जिवंत असतं, म्हणून ते पासवर्ड न विचारता परत ॲपकडे पाठवतं. झालं, चक्र सुरू. दोन्ही सर्व्हर आपापल्या जागी बरोबर वागत असतात.

तुमच्याकडे ही फ्रेम दोन ठिकाणी अडू शकते. यूब्लॉकचा मीडियम मोड म्हणजे सगळीकडच्या तृतीय पक्षाच्या स्क्रिप्ट आणि फ्रेम्स अडवणं, त्यामुळे विश्वासू नोंद चुकीच्या सबडोमेनवर असेल तर फ्रेम उघडतच नाही. ती नोंद बरोबर असेल, तर फ्रेम उघडते, पण तिच्या आतली स्क्रिप्ट लॉगिनच्या डोमेनची असते आणि नोस्क्रिप्टमध्ये तुम्ही फक्त ॲपच्या डोमेनवर विश्वास ठेवलाय. फ्रेम आहे, बोलत मात्र नाही. ॲपच्या नजरेतून दोन्हीचा परिणाम एकच. म्हणून मी आधी नोस्क्रिप्टमध्ये लॉगिनच्या डोमेनला तात्पुरता विश्वास देऊन बघेन, आणि चक्र थांबलं तर तिथेच थांबेन.

चक्र थांबलं नाही तर नोस्क्रिप्टची एक्सएसएस तपासणी (एका साइटवरून दुसरीत घुसवलेला घातक कोड शोधणारी). लॉगिनचं पान मोठं सांकेतिक पॅकेट दुसऱ्या डोमेनला पोस्ट करतं किंवा पत्त्यातून पाठवतं, आणि नोस्क्रिप्टला ते हल्ल्यासारखं दिसू शकतं. अशा वेळी तो विचारतो: अडवू, जाऊ देऊ, की नेहमीसाठी ठरवू? कधीकाळी घाईत ‘नेहमी अडवा’ निवडलं गेलं असेल, तर पुढच्या वेळी प्रश्न येत नाही, रिक्वेस्ट परस्पर अडते. नोस्क्रिप्टच्या सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड भागात एक्सएसएसबाबतच्या अशा निवडी पुसण्याची सोय आहे. त्या पुसा, पुन्हा लॉगिन करा, प्रश्न आला तर दोन्ही डोमेन नीट वाचून उत्तर द्या. संपूर्ण एक्सएसएस तपासणी बंद करू नका. एका ॲपच्या सोयीसाठी सगळ्या जगाला मोकळीक देण्यात अर्थ नाही.

लॉगिनच्या अडचणींत कुकीज आणि हेडर्सचीही मोठी फौज असते, आणि ती लाल ओळींत दिसत नाही, कारण रिक्वेस्ट जाते, फक्त तिच्यातलं काहीतरी गळालेलं असतं. क्रोमने २०२० मध्ये आवृत्ती ८० पासून सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून निघालेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जाऊ द्यायची का, हे सांगणारी खूण) न सांगितलेल्या कुकीला ‘लॅक्स’, म्हणजे दुसऱ्या साइटमधल्या फ्रेममध्ये न जाणारी, मानायला सुरुवात केली. फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये टोटल कुकी प्रोटेक्शन (प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवणारी सोय) सगळ्यांसाठी मुळातच चालू केलं. दोन्हींमुळे दुसऱ्या डोमेनच्या फ्रेममधल्या कुकीज पूर्वीसारख्या पोचत नाहीत. पण तुमच्याकडे एक्स्टेंशन्स बंद केल्यावर ॲप चालतं, म्हणजे ब्राउझरची ही बंधनं एकटी दोषी नाहीत, तिकडे आत्ता वेळ घालवू नका. रेफरर हेडर (रिक्वेस्ट कोणत्या पानावरून आली ते सांगणारा) गाळणारं तिसरं एखादं एक्स्टेंशन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी मात्र एक खूण: पान नीट उघडतं, फॉर्म पाठवला की ४०३ (‘परवानगी नाही’) येतो. जँगोसारखी वेब ॲप्स बनवायची फ्रेमवर्क्स एचटीटीपीएसवर सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने तुमच्या नावाने पाठवलेली खोटी रिक्वेस्ट) तपासताना ओरिजिन हेडर नसेल तर रेफरर बघतात, आणि तोही नसेल तर सरळ नकार देतात. तिथे सर्व्हर योग्यच करतोय. रेफरर फक्त त्याच साइटच्या आत जाऊ द्यायचा एवढी सूट पुरते.

जुन्या सल्ल्यांबद्दलही सांगायला हवं, कारण शोधताना ते भेटतीलच. नोस्क्रिप्टच्या एबीई नियमांत अमुक ओळ घाला, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडेल. २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद केली, नोस्क्रिप्ट नव्याने लिहावा लागला, आणि एबीई त्यात आला नाही. इंटरनेटवरच्या पानाने तुमच्या आतल्या नेटवर्कमधल्या यंत्रांना हात लावू नये, हे एबीईचं मुख्य काम होतं. ते आता नोस्क्रिप्टमध्ये ‘लॅन’ (आतलं नेटवर्क) नावाच्या परवानगीत आहे. यूब्लॉकमध्येही बाहेरच्यांना लॅनमध्ये शिरू न देणारी एक वेगळी यादी आहे. तुमचं ॲप बाहेरच्या सर्व्हरवर असेल आणि प्रिंटर, कार्ड रीडर किंवा डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असेल, तर ‘बाकी सगळं चालतं, फक्त सही होत नाही’ अशी तक्रार इथूनच येते. तसंच यूमॅट्रिक्स (रिक्वेस्ट अडवणारं आणखी एक एक्स्टेंशन) २०२० मध्ये आणि एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर (पानं एचटीटीपीएसवर उघडणारं एक्स्टेंशन) २०२३ मध्ये निवृत्त झालं. त्यांचे नियम लिहिण्याचे धडे वाचत बसू नका, आणि ती अजून बसवलेली असतील तर काढून टाका.

कारण सापडलं की अपवाद किती अरुंद ठेवायचा, यात माझं मत ठाम आहे: ॲपच्या पानापुरता, एका होस्टपुरता. यूब्लॉकच्या डायनॅमिक नियमात (मीडियम मोडचे नियम याच प्रकारचे) चार भाग असतात: कोणत्या पानावरून, कोणत्या होस्टकडे, कोणता प्रकार, आणि काय करायचं. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण होस्टचं नाव दिलं की प्रकाराच्या जागी फक्त तारा (*) चालतो. अमुक होस्टच्या फक्त स्क्रिप्टना सूट, असं डायनॅमिक नियमात लिहिताच येत नाही. प्रकार नेमायचा असेल तर होस्टच्या जागी तारा घालावा लागतो. होस्ट आणि प्रकार दोन्ही नेमायचे असतील तर स्टॅटिक फिल्टर (याद्यांमध्ये असतो तसा) लिहा: @@ ने सुरू होणारा अपवाद, आणि $ नंतर प्रकार व डोमेनची अट. पण तुम्हाला मीडियम मोडच्या नियमातून सुटका हवी असेल तर स्टॅटिक अपवाद काही करणार नाही, कारण डायनॅमिक नियम त्याच्या वरचढ असतो. लॉगरने कोणाचं नाव सांगितलं ते बघूनच हत्यार निवडा.

डायनॅमिक नियमात करड्या रंगाचा ‘नूप’ आणि हिरवा ‘अलाउ’ यांत नेहमी करडा घ्या. नूपने मीडियम मोडची बंदी उठते, पण सार्वजनिक याद्यांचे फिल्टर काम करत राहतात. हिरव्याने तेही निष्प्रभ होतात. हिरवा लावून ॲप चाललं म्हणून लोक खूश होतात, आणि त्याच होस्टवरून येणारी माग काढणारी स्क्रिप्टही आत घेतात. नियम आधी तात्पुरता लागतो. तो टिकवायला कुलपाचं चिन्ह दाबावं लागतं. दोन दिवस तात्पुरताच ठेवून वापरा, मग पक्का करा.

नियम बदलूनही काही फरक पडला नाही, तर लगेच नियमाला दोष देऊ नका. ॲप सर्व्हिस वर्कर वापरत असेल तर तो अर्धवट आलेल्या फाइल्स स्वतःच्या साठ्यातून देत राहतो. ॲपचा साइट डेटा पूर्ण पुसा, टॅब बंद करा, नव्याने उघडा. फक्त रीलोड पुरत नाही.

पैसे भरण्याच्या किंवा अर्ज अंतिम सादर करण्याच्या पानावर मात्र हे प्रयोग अजिबात करू नका. नोस्क्रिप्टमध्ये परवानगी बदलली की पान आपोआप रीलोड होऊ शकतं, आणि नुकताच पाठवलेला फॉर्म पुन्हा जाऊ शकतो. पेमेंटच्या मध्येच बँकेची पडताळणीची फ्रेम अडली आणि तुम्ही तिथेच बटणं दाबत बसलात, तर व्यवहार एकदा झाला, दोनदा झाला की झालाच नाही, हे शोधण्यात दिवस जातो. अशा कामांना मी एक्स्टेंशन्स नसलेलं वेगळं प्रोफाइल ठेवतो. सुरक्षेचा दृष्टिकोन सोडल्यासारखं वाटेल, पण त्या प्रोफाइलमध्ये दुसरं काहीच उघडत नसल्याने धोका फार मर्यादित राहतो.

एखाद्या वेळी सगळं सापडतं आणि तरी अपवाद द्यावासा वाटत नाही. समजा, ‘सेव्ह’चा हँडलर वापरकर्त्यांच्या हालचाली टिपणाऱ्या स्क्रिप्टच्या उत्तराची वाट बघतोय, ती अडवली की जतन होत नाही. हे ॲप बनवणाऱ्यांचं काम आहे, तुमचं नव्हे. त्यांना कळवा की तुमच्या मुख्य कामाची मदार बाहेरच्या एका स्क्रिप्टवर आहे. ती एक्स्टेंशनमुळे अडो की तिचा सर्व्हर बंद पडो, ॲप तितकंच लुळं होईल. एक्स्टेंशनची गोष्ट आधी काढलीत तर ‘ते बंद करा’ असं एका ओळीत उत्तर येईल. म्हणून सर्व्हर बंद पडण्याचं उदाहरण आधी द्या.

तर तुमच्यासाठी क्रम असा: नवं प्रोफाइल, त्यात आधी एकटा नोस्क्रिप्ट, लॉगिनच्या डोमेनला तात्पुरता विश्वास, मग यूब्लॉक, लॉगर उघडा ठेवून ‘सेव्ह’ दाबा आणि पहिली लाल ओळ टिपा. एवढं करूनही चक्र थांबलं नाही, तर ती पहिली अडलेली रिक्वेस्ट कोणत्या डोमेनकडून कोणत्या डोमेनकडे जात होती, तिचा प्रकार आणि लॉगरमधला फिल्टर एवढं लिहून पाठवा. नेटवर्क टॅबमधून निघणारी एचएआर फाइल (त्या टॅबमधली सगळी नोंद) सबंध पाठवू नका. तिच्यात तुमच्या कुकीज आणि लॉगिनचे टोकन असू शकतात, आणि सत्र चालू असेपर्यंत ती ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरता येईल. कोणाला आधीच पाठवली असेल, तर आत्ता ॲपमधून लॉगआउट व्हा.